म्यानमारच्या लोकांसाठी लांबून खरंच काही करता येतं का?

निळाई:
१ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली तेव्हापासून मी म्यानमारच्या बातम्या वाचतेय. सुरुवातीला लोक रात्री आठ वाजता घराघरातून भांडी वाजवायचे, ते व्हिडिओ बघून अंगावर काटा यायचा. आता बातम्याच फारशा येत नाहीत. मार्च २०२५ मध्ये भूकंप झाला, लोक ढिगारे उपसत होते आणि तरी हवाई हल्ले चालूच होते. मी काय करते, तर पोस्ट शेअर करते, दोन रात्री नीट झोप लागत नाही आणि मग परत आपल्या कामाला लागते. तिथे माझी कोणाशी ओळखपाळख नाही, पैसे बेताचेच. 'जागृती करा' सोडून काहीतरी सांगा प्लीज.

आडवाट:
आधी शेअर करण्याबद्दलच बोलतो, कारण त्यात नकळत नुकसान होतं. सत्ता घेतल्यावर लष्कराने दंडविधानात ५०५अ हे कलम घातलं, त्याखाली नुसत्या लिहिण्याबोलण्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद होते, आणि चेकपोस्टवर लोकांचे फोन उघडून बघतात. त्यामुळे मोर्चातल्या लोकांचे चेहरे, दुकानाची पाटी, गल्ली ओळखू येईल असा व्हिडिओ पुढे पाठवायचाच नाही, कितीही चांगल्या मनाने असला तरी. तिथल्या पत्रकारांनी स्वतः छापलेलं असेल तेच, त्यांच्या लिंकसकट पाठवा.

सुपारीफूल:
मला कायम डब्लिनची मेरी मॅनिंग आठवते. १९८४ मध्ये डन्स स्टोअर्स या दुकानात ती कॅशवर होती, वय २१. युनियनने सांगितलेलं की दक्षिण आफ्रिकेचा माल हाताळायचा नाही, म्हणून तिने गिऱ्हाइकाने आणलेल्या दोन ग्रेपफ्रूटचं बिल करायला नकार दिला. तिला लगेच सस्पेंड केलं, दहाएक सहकारी तिच्यासोबत बाहेर पडले आणि संप जवळजवळ तीन वर्षं चालला, पावसाथंडीत दुकानाबाहेर उभं राहून. वर्णभेदाबद्दल तिला तेव्हा फारसं काही माहीतही नव्हतं, संपातच शिकत गेली. १९८७ मध्ये आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेची फळंभाज्या आणणं बंद केलं. तुमच्या हातातून रोज काय जातं ते बघा एवढंच म्हणेन, मग ते खरेदीचं काम असो, युनियन असो की बचत कुठे गुंतलीये ते असो.

म्यानमारमध्ये हे झालंय. लष्कराशी जोडलेली म्यानमार बिअर आधी तिथल्याच लोकांनी प्यायची सोडली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण मागणी त्यांच्याकडून आली होती. ही बिअर लष्करी कंपनीसोबत भागीदारीत बनवणाऱ्या जपानच्या किरीन कंपनीने सत्तापालटानंतर चारच दिवसांत ती भागीदारी सोडतो असं जाहीर केलं, पण प्रत्यक्ष बाहेर पडायला जानेवारी २०२३ उजाडलं. म्हणजे कंपनीने घोषणा केली की आपण सुटलो असं समजून विसरायचं नाही, मागे लागून राहायचं. कपड्यांच्या ब्रँडचं मात्र अवघड आहे, त्यात शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या नोकऱ्या जातात, तिथे आधी त्यांच्या युनियन काय म्हणतायत ते वाचा.

आडवाट:
लोकप्रतिनिधीला लिहायचं तर 'म्यानमारसाठी काहीतरी करा' असं मोघम नको. बॉम्ब टाकणाऱ्या विमानांना इंधन लागतं आणि ते बाहेरून येतं, आपल्या देशातल्या कुठल्या कंपनीचा, जहाजाचा, विम्याचा त्यात हात आहे का एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर महिन्याने तेच पत्र परत.

केवडा७:
पैशाचं मी सांगते. थायलंडच्या सीमेवर माए सॉटला डॉ. सिंथिया माउंग यांचं माए ताओ क्लिनिक आहे, म्यानमारमधल्या १९८८ च्या लष्करी दडपशाहीतून पळून आल्यावर १९८९ मध्ये त्यांनी ते सुरू केलं आणि सीमा ओलांडून आलेल्या लोकांवर आजही तिथे उपचार होतात. मोठी बातमी आली की देणग्या धो धो येतात आणि नंतर सगळं आटतं, पण औषधं आणि पगार तर दर महिन्याला लागतात ना. म्हणून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा थोडी पण दर महिन्याला, निदान दोन वर्षं चालवाल अशी ठरवा.

निळाई:
केवडा, हे जमेल मला, लहान रक्कम दर महिन्याला. आणि आडवाट, मी मागच्या वर्षी एक मोर्चाचा व्हिडिओ टाकला होता, त्यात पुढच्या मुलीचा चेहरा स्पष्ट दिसतो, तो आत्ताच काढला. माझ्याकडून ज्यांनी पुढे पाठवला त्यांनाही मेसेज करतेय. इंधनाच्या पत्राचा मसुदा उद्या इथेच टाकते, कुणीतरी वाचून चुका सांगाल का?