लाय की ले, राइझ की रेझ?

प्रश्न (बँक परीक्षार्थी)
नमस्कार. बँकेच्या परीक्षेत वाक्यातील चूक शोधण्याचे जे प्रश्न असतात, त्यांत माझे गुण हमखास जातात ते लाय-ले आणि राइझ-रेझ या जोड्यांवर. रूपे पाठ आहेत, पण ‘ही लेड ऑन द बेड ऑल डे’ असे वाक्य समोर आले की त्यात नेमके काय खटकायला हवे, तेच उमगत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्याला धरून ठेवता येईल अशी काही खूण आहे का? बॉरो आणि लेंड यांच्याबद्दलही कोणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर १ (निवृत्त शिक्षिका)
पडणे आणि पाडणे, वाढणे आणि वाढवणे, बसणे आणि बसवणे यांत तुमची कधी गल्लत होत नाही, आणि इंग्रजीतील या जोड्या त्याच जातीच्या आहेत. लाय म्हणजे स्वतः आडवे होणे किंवा पडून असणे, तर ले म्हणजे एखादी वस्तू ठेवणे, अंथरणे किंवा घालणे. राइझ म्हणजे आपोआप वर येणे आणि रेझ म्हणजे दुसऱ्या कशाला तरी वर नेणे. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. इंग्रजीत तर पडणे-पाडणे ही जोडीसुद्धा तशीच्या तशी आहे: फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे झाड तोडून पाडणे. (नापास होण्याच्या फेलशी याचा काही संबंध नाही.)

आता खूण. वाक्य मराठीत भूतकाळात आणि तृतीय पुरुषात म्हणून पाहा. कर्त्याला ‘ने’ लागला, तर सकर्मक क्रियापद घ्या. ‘सूर्य उगवला’ यात ‘ने’ नाही, म्हणून ‘द सन रोझ’. ‘तिने हात वर केला’ यात ‘ने’ आहे, म्हणून ‘शी रेझ्ड हर हँड’. ‘कोंबडीने अंडे घातले’, म्हणून ‘द हेन लेड अॅन एग’. तुमच्या वाक्यातला माणूस दिवसभर पलंगावर पडून राहिला. ‘त्याने पडून राहिला’ असे आपण म्हणत नाही, म्हणून तिथे लेड चुकीचे. बँकेच्या परीक्षेला शोभेल असे उदाहरण हवे असेल, तर मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्क्यांवर नेला, तिथे ‘रेझ्ड’. त्यानंतर कर्जाचे हप्ते वाढले, तिथे ‘रोझ’.

उत्तर २ (अनुवादक)
बाईंची खूण या जोड्यांपुरती उत्तम आहे, मात्र ती सरसकट वापरू नये. ‘तो धडा शिकला’, ‘ती नाव विसरली’, ‘तो दूध प्याला’ या वाक्यांत कर्म असूनही ‘ने’ लागत नाही. उलट ‘त्याने उडी मारली’ यात ‘ने’ आहे, पण इंग्रजीतील जंप तिथे अकर्मकच राहते. ‘मी’ आणि ‘तू’ घेऊनही ही परीक्षा करता येत नाही, कारण त्यांना ‘ने’ दिसतच नाही.

खरा सापळा रूपांत आहे. लाय, ले, लेन ही अकर्मक क्रियापदाची तीन रूपे आणि ले, लेड, लेड ही सकर्मकाची. म्हणजे एकाचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ. त्यामुळे ‘यस्टर्डे ही ले ऑन द बेड’ हे अगदी शुद्ध वाक्य आहे आणि विद्यार्थी नेमके तेच चूक म्हणून खोडतात. शिवाय खोटे बोलणे या अर्थाचे लाय वेगळेच. त्याचा भूतकाळ लाइड. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशी मंडळीही बोलताना लायच्या जागी ले वापरतात, तेव्हा मालिका पाहून कान तयार केले असतील तर या जोडीपुरता कानावर विश्वास ठेवू नये. परीक्षेत ते चूकच धरतात. अराइझ आणि अराउझ हीसुद्धा अशीच जोडी आहे: प्रश्न उद्भवतो तेव्हा अराइझ, कोणी संशय जागवतो तेव्हा अराउझ.

बँक परीक्षार्थी
मनःपूर्वक आभार. ‘द पेशंट हॅज लेड देअर सिन्स मॉर्निंग’ हे वाक्य मी आजवर बरोबर समजत होतो. आता तिथे लेन हवे, हे कळले. बॉरो-लेंड मात्र राहिले.

उत्तर ३ (पतसंस्थेतील कर्मचारी)
आपण ‘उसने’ किंवा ‘उधार’ हा शब्द दोन्हीकडे तोच ठेवतो आणि पुढे घेणे किंवा देणे लावतो. इंग्रजीत ते घेणे-देणे क्रियापदाच्या पोटातच असते. बॉरो म्हणजे उसने घेणे, लेंड म्हणजे उसने देणे. आमच्याकडे कर्जाच्या अर्जावर सही करणारा बॉरोअर असतो आणि संस्था लेंडर. म्हणून ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन’ हे चूक. ‘कॅन यू लेंड मी’ किंवा ‘कॅन आय बॉरो’ म्हणावे. बॉरोनंतर ज्याच्याकडून घेतले त्याच्याआधी फ्रॉम येते, आणि चूक शोधायच्या प्रश्नांत बऱ्याचदा तिथेच टू घातलेले असते. लेंडचा भूतकाळ लेंट आहे, लेंडेड नव्हे.

जाता जाता कम आणि गो यांविषयी. कोणी हाक मारली की आपण ‘आलो’ म्हणतो, तिथे इंग्रजीतही कमिंगच चालते. पण निरोप घेताना आपण जो ‘येतो’ म्हणतो, त्याचे ‘आय अॅम कमिंग’ करू नये. ऐकणाऱ्याला वाटेल, की तुम्हीही त्याच्याबरोबर निघालात.