कर्नल अपडेटनंतर एसएएस कार्डावरच्या सगळ्या डिस्क गायब, जुन्या कर्नलवर ठणठणीत

मंडळी, मदत हवी आहे.

छापखान्यातला फाइल सर्व्हर आहे. डबा जुना, पण आजवर कुरकुर नव्हती. त्यात डिस्क जोडायचं एसएएस 2008 चिपचं कार्ड, आयटी मोडमध्ये. म्हणजे कार्ड स्वतः रेड करत नाही, चार डिस्कची रेड 5 (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी जोडणी, म्हणजेच अ‍ॅरे) लिनक्सच्या एमडी या सॉफ्टवेअरनं केलेली आहे. सिस्टिमची डिस्क वेगळी, थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टवर. ओएस रेड हॅट 8 च्या घराण्यातली.

ओएस 8.9 वरून 8.10 वर अपडेट केली, सोबत नवं कर्नल (ओएसचा गाभा) आलं, रीबूट केलं, आणि दीड मिनिट ताटकळून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. चारही डिस्क नाहीत म्हटल्यावर एफएसटॅबमधलं (बूटवेळी जोडायच्या डिस्कची यादी) माउंट कुठून होणार! ग्रबमधून (बूटचा मेनू) आधीचं कर्नल (4.18.0-513) निवडलं की सगळं जागच्या जागी, अ‍ॅरेही धड. नवं 4.18.0-553 निवडलं की पुन्हा तेच. त्यामुळे कृपया "केबल बदलून बघा" सांगू नका.

नव्या कर्नलवर एलएसपीसीआयमध्ये (कार्डांची यादी देणारी कमांड) कार्ड दिसतं (1000:0072), पण त्याखाली ड्रायव्हरची ओळच नाही. एमपीटी3एसएएस हा कार्डाचा ड्रायव्हर हातानं मॉडप्रोब (लोड) केला तर निमूट चढतं, एरर नाही, डिस्कही नाहीत. मॉडइन्फोमध्ये (ड्रायव्हरची माहिती देणारी कमांड) जुन्या कर्नलला वीक-अपडेट्स, म्हणजे बाहेरून टाकलेल्या ड्रायव्हरच्या, फोल्डरमधलं मॉड्यूल दिसतं, नव्याला कर्नलसोबत आलेलं.

माझा तर्क असा: रेड हॅटनं 8 व्या आवृत्तीत (2019) या जुन्या कार्डांचे ओळख क्रमांक ड्रायव्हरच्या यादीतून काढले. मूळ लिनक्स कर्नलमध्ये ते शाबूत आहेत. सर्व्हर बसवणाऱ्यानं तेव्हा ईएलरेपो या बाहेरच्या पॅकेज-भांडाराचं केमॉड (ड्रायव्हरचं वेगळं पॅकेज) टाकून वेळ निभावली, आणि ते केमॉड 8.10 च्या कर्नलशी जुळत नाही.

तर्क बरोबर असेल तर नवं केमॉड टाकणं पुरेसं आहे, की इनिटरॅमएफएसही (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) पुन्हा बांधावं लागेल? आणि दर वेळी हेच होणार असेल तर ईएलरेपोचं एलटी कर्नल (मूळ लिनक्सचं, दीर्घकाळ सांभाळलं जाणारं) घ्यावं, की नव्या पिढीचं एसएएस 3008 चं कार्ड? जुन्या कर्नलवर कायम राहायचं नाही, सुरक्षेचे पॅच मिळत नाहीत.

---

उत्तर:

तर्क बरोबर आहे. जुन्या कर्नलवर असतानाच ईएलरेपोमधून 8.10 साठीचं केमॉड घ्या. पॅकेज बसताना वीक-मॉड्यूल्स स्क्रिप्ट ते जुळणाऱ्या कर्नलांना जोडते. तुमची रूट (सिस्टिमची) डिस्क कार्डावर नाही, त्यामुळे इनिटरॅमएफएसची चिंता नको. रीबूटआधी मॉडइन्फोला नव्या कर्नलचा नंबर देऊन पाथ बघा. एक्स्ट्रा किंवा वीक-अपडेट्स दिसलं तरच पुढे जा.

एलटी कर्नलच्या भानगडीत मी पडणार नाही. एसएएस 3008 ला हाच ड्रायव्हर लागतो आणि तो यादीत आहे. आयटी मोड असल्यानं अ‍ॅरे नव्या कार्डावर जशीच्या तशी उभी राहील. कार्ड बदलायचं नसेल तर रेड हॅटशी जुळणाऱ्या अल्मालिनक्सनं 2024 मध्ये 9.4 पासून अशी बरीच जुनी कार्डं परत घेतली आहेत, तेही बघा.

डिस्क दिसत नसताना घाबरून एमडीअ‍ॅडमचं क्रिएट (नवी अ‍ॅरे बनवायची कमांड) चालवू नका. एफएसटॅबमध्ये नोफेल (डिस्क नसली तरी बूट होऊ दे हा पर्याय) टाकलंत तर सांबा (नेटवर्कवर फोल्डर देणारी सेवा) माउंट झाल्यावरच सुरू होईल असं करा, नाहीतर लोक रिकाम्या फोल्डरमध्ये फाइली टाकत बसतील आणि सिस्टिमची डिस्क भरेल.