बाळंतिणीची छाती लाल, ताप १०२: पाजायचं की बंद करायचं?

खानापूर_माहेर
वहिनींचं बाळ ११ दिवसांचं. डाव्या छातीला काखेच्या बाजूने तळहाताएवढा भाग लाल, कढत, दगडासारखा. बोंडाला चीर पडली आहे. काल रात्रीपासून थंडी वाजून ताप, आता १०२. मालिशवाल्या मावशी म्हणतात, गरम शेक देऊन गाठ दाबून फोडू. आजी म्हणतात, पू बाळाच्या पोटात जाईल, त्या बाजूचं पाजू नका. परवा बारसं, तेवढं होऊ दे मग दवाखाना, असंही चाललंय. नेमकं काय करायचं?

निपाणी_लेबरवॉर्ड
बारशासाठी थांबू नका. ताप नाही, नुसती गाठ आहे, तर घरी एक दिवस बघता येतं. इथे थंडी वाजून १०२ आहे आणि चीरही आहे, म्हणजे जंतू आत शिरायला वाट मिळाली. आजच दाखवा.

पाजणं दोन्ही बाजूंनी चालू ठेवा. दुधातून बाळाला अपाय होत नाही. पाजणं एकदम तोडलं तर दूध आत तुंबतं आणि पू साठण्याचा धोका वाढतो. दूध आटवायची गोळी कुणी सुचवली तरी आत्ता नको.

मावशींना तेवढं थांबवा. ही गाठ म्हणजे नळीत अडकलेला दुधाचा खडा नव्हे. आतलं मांस सुजलंय, त्या सुजेने नळ्या बाहेरून दाबल्या गेल्यात. वरून रगडलं की बारीक रक्तवाहिन्या फुटतात, सूज आणखी वाढते. हात लावायचाच तर मांजराच्या पाठीवरून फिरवतो तितका हलका, काखेकडे. हळद-चुन्याचा लेपही नको, चिरेवर आग होईल आणि तो बाळाच्या तोंडात जाईल.

गार लावा. बर्फ रुमालात गुंडाळून १०–१५ मिनिटं, तास-दोन तासांनी पुन्हा. बाळंतिणीला गार कसं लावायचं, म्हणून घरात ओरड होईल. डोकं, कान, पाय झाकलेले असू देत की! गार फक्त त्या लाल जागेला.

ताप-दुखीला पॅरासिटामॉल ६५०, दोन गोळ्यांत निदान ६ तास, दिवसाला चारच्या वर नाही. आयबुप्रोफेन ४०० जेवणानंतर दिवसातून तीनदा चालते, सूजही उतरवते. पण गरोदरपणात बीपी वाढलं असेल, किडनीचा, अल्सरचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरात पडलेली ॲस्पिरिन देऊ नका.

चिकोडीकर_काकू
पाजायच्या आधी गरम पाण्याचा पंचा आणि मग पंपाने पूर्ण रिकामं करायचं, असंच सगळे सांगतात की.

निपाणी_लेबरवॉर्ड
काकू, वर्षानुवर्षं तेच सांगितलं जायचं. २०२२ मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने सल्ला बदलला. छाती जितकी उपसाल तितकं दूध जास्त तयार होतं, आणि जास्त दूध म्हणजे सुजलेल्या जागेवर आणखी ताण. म्हणून बाळ मागेल तेवढंच, २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा. कोमट पाण्याने कुणाला बरं वाटत असेल तर पाजण्याआधी दोन मिनिटं चालेल, पण शेगडीचा शेक त्या बाजूला नको. अळिवाची खीर, शतावरी वगैरे दूध वाढवायला म्हणून देत असाल तर सूज उतरेपर्यंत राहू द्या. साधं जेवण आणि पाणी भरपूर.

खानापूर_माहेर
बाळ डावीकडे तोंडच लावत नाही, रडतं. शिवाय चीर भरून कशी यायची?

बेळगाव_स्तनपान_समुपदेशक
सुजलेल्या बाजूच्या दुधात मीठ वाढतं, चव खारट लागते, म्हणून बाळ तोंड फिरवतं. अर्धवट झोपेत असताना त्या बाजूला घेऊन बघा. नाहीच घेतलं तर हाताने काढा: अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला, आधी छातीकडे मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे. घसरवायचं नाही, पिळायचं नाही. एका वेळेला बाळ पितं तेवढंच काढा आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. बाटली नको. काढलेलं दूध घरात २५ अंशांपर्यंत ४ तास टिकतं.

चीर पडते ती बाळ नुसतं टोक चोखतं म्हणून. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. बोंड बाळाच्या नाकासमोर ठेवा, जांभई दिल्यासारखा मोठा आ झाला की बाळाला छातीकडे आणा. छाती बाळाकडे वाकवायची नाही. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग खालून कमी नि वरून जास्त दिसला पाहिजे. पिऊन झाल्यावर बोंड लिपस्टिकसारखं तिरकं चपटं निघालं तर पकड चुकली. मग करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून चोखणं सोडवायचं, ओढायचं नाही. चिरेला साबण नको. शेवटचे दोन थेंब दूध लावून वाळू द्यायचं. गार कोबीची पानं ठेवतात, आराम मिळतो तो गारव्याचा. धुऊन घ्या आणि चिरेवर टेकवू नका.

केमिस्ट_कॅम्प
काउंटरवरून मनाने अँटिबायोटिक नेऊ नका. हे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जंतूचं काम असतं, त्याला नुसती अमॉक्सिसिलिन बऱ्याचदा लागू पडत नाही. डॉक्टर क्लॉक्सासिलिनच्या गटातली किंवा सेफॅलेक्सिन देतात, साधारण १० ते १४ दिवस. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून सोडायची नाही. बाळाला शी थोडी पातळ होईल, त्यासाठी पाजणं थांबवू नका. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

निपाणी_लेबरवॉर्ड
दवाखान्यात एक लक्षात ठेवा: बाळंतिणीचा ताप दर वेळी छातीचाच नसतो. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, ओटीपोटात दुखणं, टाके लाल, लघवीला जळजळ, यातलं काही असेल तर न विचारताही सांगा. कन्नड डॉक्टर असतील तर नुसतं ‘एदे नोवु’ (छाती दुखते) म्हणू नका, छातीत कळ आल्यासारखं ऐकू येतं. ‘बाणंती, ज्वरा बंदैति’ (बाळंतीण आहे, ताप आलाय) म्हटलं की लगेच उलगडा होतो. तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं सरकारी कार्ड) सोबत घ्या. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत तपासण्या-औषधं मोफत आहेत.

औषध सुरू होऊन ४८ तासांत ताप उतरला नाही, किंवा गाठ दाबल्यावर पाण्याची पिशवी असल्यासारखी लिबलिबीत लागली, तर सोनोग्राफी करून घ्या. पू असेल तर बहुतेकदा सुईने काढतात, कधी दोन-तीनदा. त्यानंतरही त्या बाजूने पाजता येतं, जखम बाळाच्या तोंडाखाली येत नसेल तर. चक्कर, धाप, असंबद्ध बडबड किंवा कातडी काळी पडायला लागली, तर सकाळची वाट न बघता १०८. बाळालाच १००.४ ताप आला किंवा ते दूध ओढेनासं झालं, तरीही तेच.