चर्चा: ४५४ कोटी वर्षांपुढे एक टेकडी ती काय?

शैला, अंधेरी
काल इथे एकाने लिहिलं, "पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. गिल्बर्ट हिल राहिली काय नि गेली काय!" आमच्या अंधेरीच्या, लाव्हाच्या दगडी खांबांच्या या टेकडीबद्दल हे वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. लोकलच्या मार्गावर चर्चगेटला पृथ्वी जन्मली आणि विरारला आजचा दिवस, असं साठ किलोमीटरचं अंतर धरा. वसई येईपर्यंत जीव होते, पण बहुतेक सूक्ष्मच. डायनासोर आले नालासोपारा सोडल्यावर. आपल्या टेकडीचा लाव्हा थिजला तो विरारच्या अलीकडे जेमतेम पाऊण किलोमीटरवर. माणूस शेवटच्या चार मीटरांत. आणि भोवतालचा खडक खाणवाल्यांनी फोडून नेला एक-दोन मिलिमीटरांत! काळ एवढा मोठा आहे म्हणूनच गेलेली टेकडी परत येत नाही.

नंदू, विरार
ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेणार नाही. १८७०च्या दशकात मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉक ही गोदी खणताना समुद्रपातळीच्या खाली खैराची खोडं सापडली. जंगल होतं, बुडालं. पृथ्वी थांबली का? आणि विरारचं उदाहरण मला देऊ नका. माझी आई त्याच टेकडीखालच्या चाळीत बावीस वर्षं राहिली. पावसाळ्यात दगड सुटला की आम्ही पोरं रात्रभर शेजाऱ्यांकडे. बिल्डरने खोली देतो म्हणून सह्या घेतल्या, खोली दिली नाही. म्हणून मी विरारला.

माधव, गिरगाव
ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. आपल्या पूर्वजांना हा काळ ठाऊक होता, हे कुणी बोलतच नाही.

रेवती, वरळी
माधवकाका, ४३२ हा युगांच्या हिशेबातून आलेला आकडा. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनने १९५६ साली उल्कांमधल्या शिशाचे समस्थानिक (वेगवेगळ्या वजनांचे अणू) मोजले, तेव्हा सुमारे ४५५ कोटी हाती आले. कोटींमध्ये विचार करण्याचं धाडस पूर्वजांचं, ते मान्य. मोजमाप त्यांचं नव्हे. शैलाताई, तुम्ही नुसतं अंतर सांगितलंत, थांबे राहिले. दोन उद्रेकांमध्ये इतका काळ जायचा की थिजलेल्या लाव्हावर तळी साचायची, त्यात बेडूक नांदायचे. आमच्या वरळीच्या खडकात त्यांचे जीवाश्म मिळालेत.

माधव, गिरगाव
धाडस मान्य केलंत, एवढं पुरे.

शैला, अंधेरी
नंदू, खैराचं जंगल बुडालं ते आपोआप. पण पृथ्वी तापवून समुद्र चढवणारा हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात २८० भागांवरून ४२० च्या वर गेला तो दोन-अडीचशे वर्षांत, आपल्या हाताने. "पूर्वीही झालंय" म्हणून हात झटकणं मला पटत नाही.

नंदू, विरार
ताई, तुम्ही परत हवेत गेलात! मी दगडाबद्दल बोलतोय, डोक्यावर पडणाऱ्या. टेकडी वाचवा म्हणणाऱ्यांतलं कुणी आमच्या चाळीत एक रात्र तरी झोपलं होतं का? तुमचे सहा कोटी वर्षांचे खांब, आमची दहा बाय बाराची खोली.

रेवती, वरळी
पण दगड सुटतात कशाने? पायथा उभा कापला म्हणून. तो कापताना तुमच्या आईला कुणी विचारलं नाही, टेकडीलाही नाही.

शैला, अंधेरी
आईंचा प्रश्न मी टाळला, चुकलंच माझं. पण टेकडी गेली असती तर त्यांना खोली मिळाली असती?

नंदू, विरार
नसतीच मिळाली. तिथेही टॉवरच आला असता. तेवढं मान्य. आई अजून म्हणते, वरच्या गावदेवीला एकदा ने. गुडघे साथ देत नाहीत तिचे. विरारचं उदाहरण मात्र बदला.