मियाँ मंजूने मोगलांना का बोलावले?

बाळीवेस:
रविवारी मुलाला आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला दाखवताना, चांदबिबीच्या लग्नात तो आदिलशाहीला आंदण मिळाला होता, असे मी सांगितले. मग तिने अहमदनगर का लढवले, असे त्याने विचारले. घरी येऊन वाचले, तर अहमदनगरच्या निजामशाहीच्या पेशव्यानेच (मुख्य प्रधानानेच), म्हणजे मियाँ मंजूने, मोगलांना बोलावल्याचे समजले. राज्याचा पेशवाच परकी फौज दारात आणतो, याची उकल मला होत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

होटगीकर:
चांदबिबी मूळची निजामशाहीची लेक, हुसेन निजामशहाची मुलगी. 1580 मध्ये पती अली आदिलशहा मारला गेल्यावर तिने विजापुरात काही काळ अल्पवयीन पुतण्याच्या वतीने कारभार पाहिला आणि पुढे ती माहेरी आली.

1595 मध्ये दुसरा बुऱ्हाण निजामशहा वारला आणि त्याचा मुलगा इब्राहिम अवघ्या काही महिन्यांत विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. मियाँ मंजूने अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसवले, पण तो राजवंशाचा नसल्याचे कळताच हबशी (आफ्रिकी वंशाचे) सरदार बिथरले. इखलासखानाने मोती नावाचा मुलगा पुढे केला, अभंगखानाने वृद्ध शाह अलीला आणले, आणि चांदबिबी मात्र इब्राहिमचा तान्हा मुलगा बहादूर याच्याच हक्कासाठी उभी राहिली. हबशांनी अहमदनगरला वेढा घातला तेव्हा आत कोंडलेल्या मंजूने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, पत्र पाठवले. मुराद येण्यापूर्वीच मंजूने हबशांचा पराभव केला, परंतु पत्र गेले होते. पश्चात्ताप होऊन तो अहमदला घेऊन दक्षिणी सुलतानांकडे मदत मागायला निघाला आणि किल्ला लढवण्याचा भार चांदबिबीवर आला.

परांड्याचा:
दोष एकट्या मंजूचा, हे मला पटत नाही. दुसरा बुऱ्हाण गादीवर येण्यापूर्वी अकबराच्याच आश्रयाला होता, मात्र 1591 मध्ये राज्य मिळाल्यावर त्याने अकबराचे वर्चस्व मानले नाही. दख्खनची मोहीम अकबराच्या मनात होतीच. पत्राने तिला निमित्त पुरवले. खरी चूक मला पुढची वाटते: मोगल तटाखाली सुरुंग खणत असतानाही हे गट आपापला वारस घेऊन वेगवेगळे फिरत होते. तट फुटला तेव्हा चांदबिबी स्वतः तिथे उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतले, याचे मोल म्हणूनच मोठे आहे.

बाळीवेस:
मनःपूर्वक आभार. पुढे मोगलांशी झालेल्या तहात वऱ्हाड का द्यावे लागले? आणि बहादूरचे पुढे काय झाले?

होटगीकर:
मोगलांकडे दाणागोटा कमी पडत होता, मुराद आणि मोगल सेनापती खानखानान यांचे पटत नव्हते, आणि विजापूरची कुमक वाटेत होती, म्हणून 1596 मध्ये तेही तहाला तयार झाले. वऱ्हाड देऊन बहादूरची गादी वाचली, पण चारच वर्षे. 1600 मध्ये पुन्हा वेढा पडला, तेव्हा वाटाघाटी करणाऱ्या चांदबिबीला फितूर ठरवून किल्ल्यातल्याच लोकांनी मारले. किल्ला पडला आणि बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. मंजूबाबत परांड्याच्या सदस्यांचा मुद्दा मला मान्य आहे.

परांड्याचा:
त्यानंतर मलिक अंबरने आमच्या परांड्यातच शाह अलीच्या मुलाला, दुसऱ्या मुर्तझाला, गादीवर बसवले. 1595 मध्ये ज्याच्या बापाचा दावा मागे पडला, त्याच्याच नावाने निजामशाही पुढे लढत राहिली.