डेमरेज आणि डिटेन्शन: नेमका फरक काय?

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे कंटेनर न्हावा शेवा बंदराला जातात. बिलात कधी ‘डेमरेज’ लागते, कधी ‘डिटेन्शन’. कारखान्यात दोन्हींना डेमरेजच म्हणतात. खरा अर्थ काय, आणि मराठीत काय लिहावे?

उत्तर १ : फरक जागेचा आहे. भरलेला कंटेनर बंदराच्या आवारात मोफत मुदतीपलीकडे पडून राहिला की डेमरेज. शिपिंग लाइनचा (जहाज कंपनीचा) कंटेनर बंदराबाहेर, तुमच्या ताब्यात मुदतीपलीकडे राहिला की डिटेन्शन. निर्यातीत रिकामा कंटेनर यार्डातून उचलल्यापासून तो भरून बंदरात गेट-इन होईपर्यंत (फाटकातून आत नोंदला जाईपर्यंत) डिटेन्शनचे दिवस चालतात, पुढे जहाजावर चढेपर्यंत डेमरेजचे. आयातीत क्रम उलटा. दर कंटेनरमागे रोजचा असतो आणि दिवस वाढतील तसा टप्प्याने चढतो. टर्मिनलचे जागाभाडे आणखी निराळे, ते यात मिसळू नका.

उत्तर २ : मूळ डेमरेज जहाजाचे. भाडेकराराने ठरलेल्या वेळेत माल चढवला-उतरवला नाही, तर भाडेकरूने जहाजमालकाला द्यायची ती रक्कम. एकदा डेमरेज सुरू झाले की, करारात वेगळे काही नसेल तर, रविवार-सुट्ट्याही मोजल्या जातात. रेल्वेच्या मालधक्क्यावर हाच शब्द वॅगन अडकवल्याबद्दल वापरतात. उतरवलेला माल धक्क्यावर पडून राहिला तर लागते ते व्हार्फेज.

उत्तर ३ : आपल्याकडे खर्च बसतो तो बहुधा डिटेन्शनचा. पॅकिंग पुरे व्हायच्या आत रिकामा कंटेनर मागवतात. न्हावा शेवा सुमारे चारशे किलोमीटर. जाण्यायेण्यातच दिवस जातात, त्यात कारखान्यात एखादी शिफ्ट चुकली की मुदत संपली. कंटेनरचे प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, वेळेत दिले नाही तर तो जहाजावर चढतच नाही. १ जुलै २०१६ पासून हा नियम जगभर आहे. मग पुढच्या जहाजापर्यंत डेमरेज. डाळिंबाच्या रीफर (शीत) कंटेनरला वर विजेचा आकारही लागतो.

मराठीत नुसते ‘विलंबशुल्क’ लिहू नये, ते वीजबिलालाही चालते. ‘बंदरातील खोळंबा आकार (डेमरेज)’ आणि ‘कंटेनर अडकवल्याचा आकार (डिटेन्शन)’ असे लिहा. बुकिंग करतानाच मोफत दिवस किती, दोन्हींचे वेगळे की एकत्र, हे लाइनकडून लेखी घ्या.