दसरा काढायचाय, पण माळा उघडायची हिंमत होत नाहीये

केरसुणी
घट बसायला १५ दिवस राहिलेत आणि आमच्याकडे दसरा काढायला अजून सुरुवात नाही. पुण्यात वन बीएचके, माणसं ४ (आम्ही दोघं, लेक दुसरीत, सासूबाई), दोघांचंही ऑफिस, म्हणजे हातात काय तर २ शनिवार-रविवार. माळ्यावर काय काय आहे ते देवाला ठाऊक, मागच्या वर्षी स्टूल लावून दार उघडलं तर लेकीचा पाळणाच अंगावर यायला लागला, तसंच ढकलून दार लावून टाकलं. टीव्ही भंगारात जाऊन ३ वर्षं झाली तरी त्याचं खोकं आहे. काही टाकायला काढलं की सासूबाई म्हणतात असू दे, लागतं कधीतरी. किचनमधल्या ट्रॉल्या चिकट, चिमणीकडे तर बघवत नाही, आणि टँकरच्या पाण्याने नळावर नि कडप्प्यावर पांढरे डाग. रील्समध्ये बायका सगळं एकसारख्या बास्केटींत भरून लेबलं लावतात ते बघून मी पण ८-१० कार्टमध्ये टाकून ठेवल्यात. ऑर्डर करू का? आणि सुरुवात कुठून करू?

फिरकीचा_तांब्या
ऑर्डर बिलकुल करू नका. तसंही पितृपक्षात नवीन घेत नाहीत ना, यंदा तेवढ्यासाठी तरी पाळा :) मी गेल्या वर्षी दीड हजाराच्या बास्केटी आणल्या आणि कचराच नीट घड्या घालून भरून ठेवला. आता त्या बास्केटी माळ्यावर आहेत.
आधी घरातून बाहेर काढायचं, मग पुसायचं. आणि माळ्याला पहिल्या दिवशी हात लावू नका, तो काढला की पसारा खाली येतो आणि रात्री झोपायला जागा उरत नाही. पहिल्या शनिवारी ज्याच्यात कुणाचा जीव अडकलेला नाही ते काढा. औषधांचा डबा (तारखा बघा, हसाल), आइस्क्रीमचे रिकामे डबे, पार्सलबरोबर आलेल्या सॉसच्या पुड्या, कुठल्या फोनचे ते माहीत नसलेले चार्जर. चार्जर, सेल वगैरे ओल्या-सुक्यात टाकू नका, ई-कचऱ्यात वेगळे द्या.
माळा दुसऱ्या रविवारी. नवऱ्याला वर चढवा, तुम्ही खाली उभं राहून फक्त 'हे काय आहे' विचारा.

खटपट्या
किचनबद्दल सांगतो, कारण आमच्याकडे ते खातं माझ्याकडे आहे. व्हिनेगर, लिंबू, लिंबूसत्व यातलं काहीही कडप्प्यावर टाकू नका!! कडप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड, आंबट पडलं की डागाबरोबर दगडाचं पॉलिशही जातं आणि तिथे कायमचा फिकट चट्टा पडतो. आमच्या ओट्यावर आहे, बायको पाहुण्यांना दाखवते. कडप्प्याचा थर जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू खरवडायचा, साबणाने पुसायचं, कोरडा झाला की खोबरेल तेलाचा हलका हात. नळ स्टीलचा असेल तर त्याला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं १५-२० मिनिटं गुंडाळून ठेवा, पण खाली ओट्यावर ठिबकू देऊ नका.
चिमणीची जाळी स्टीलची असेल तर उकळतं पाणी, धुण्याचा सोडा आणि भांड्यांचं लिक्विड, अर्धा तास. ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, काळी पडते, नुसतं गरम पाणी नि लिक्विड. आणि ते सोडा अधिक व्हिनेगर फसफसवतात ना व्हिडिओत, त्यात दोघं एकमेकांना मारून टाकतात, शेवटी उरतं जवळपास पाणीच. दिसायला भारी एवढंच.
बाथरूममध्ये ॲसिड आणि ब्लीच एकत्र चुकूनही नाही, विषारी वायू होतो.
पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून ओढून घ्या, धूळ अभ्र्यातच राहते, गादीवर पडत नाही.

ठिगळ
सासूबाईंना 'हे टाकू का' विचारलं तर उत्तर नाहीच येणार, माझी पण नाहीच म्हणायची. मी विचारायचे, आई हे कुणाला देऊ? मग त्यांनाच माणसं आठवायला लागली, कामवाल्या मावशींची सून, गावची भाची, आणि पितळी घंगाळं सोडून सगळं वाटलं गेलं. मऊ झालेल्या सुती साड्या टाकू नका हं, गोधडी शिवून घ्या. बाकीच्या कपड्यांना बोहारीण येत असेल तर बेस्ट, पण घासाघीस सासूबाईंना करू दे, तुमचं काम नाही ते.
आणि आहेत त्या गोधड्या घरच्या मशीनमध्ये कोंबू नका, भिजली की केवढी जड होते. गावी घट बसायच्या आधी सगळी अंथरुणं नदीवर न्यायचो, आता लाँड्रीत देते.

चहाबाज
टीव्हीच्या खोक्यात आमच्याकडे मिक्सरचं खोकं आणि त्यात इस्त्रीचं खोकं आहे. वाचतोय.

केरसुणी
उशिरा लिहितेय, काल माळा झाला. ठिगळ ताई, 'कुणाला देऊ'ने काम केलं, ११ पिशव्या बाहेर गेल्या, त्यातल्या ४ तर सासूबाईंनी स्वतः बांधल्या. बोहारणीकडून २ स्टीलची पातेली आली, म्हणजे घरात परत २ वस्तू वाढल्याच. कडप्पा वाचला, व्हिनेगरची बाटली हातातच होती खरं तर. कार्ट रिकामं केलं.
पाळणा तेवढा वरच आहे. कुणाला देऊ विचारायला नणंदेला फोन केला तर ती म्हणे, असू दे वहिनी, लागेल.

फिरकीचा_तांब्या
अगं मग अभिनंदन कर की तिचं!!